आनंदावर बोलायचे आहे, पण समोर कोण बसले आहे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टेरी टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात काम करते. आमच्या भागातील कारखानदारांच्या एका मंडळाने 1 मेच्या सायंकाळी मालक आणि कामगार यांचा एकत्र कार्यक्रम ठेवला आहे आणि ‘जगभरातील कामाच्या ठिकाणचा आनंद’ या विषयावर मी चाळीस मिनिटे बोलावे, असे मला सांगितले आहे. पुढच्या रांगांत मालक असतील. मागे यंत्रमागावरचे विणकर, शिलाई विभागातील स्त्रिया आणि काही विडी कामगार भगिनी असतील. मी इंटरनेटवर या विषयाची पुष्कळ भाषणे पाहिली. सगळीकडे फिनलंड, डेन्मार्क, रंगीबेरंगी कार्यालये आणि चार दिवसांचा आठवडा. नगावर मजुरी घेणाऱ्या माणसासमोर हे सांगायची मला लाज वाटते. शिवाय व्यासपीठावर उभी राहिले की घसा कोरडा पडतो. मी काय करावे?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रकारची भीती आहे. घसा कोरडा पडण्याची भीती लहान आहे, तिच्याविषयी पुढे दोन ओळी लिहीन. फिनलंडचे गुणगान ऐकून मागच्या रांगेतला विणकर मनातल्या मनात काय म्हणेल, ही दुसरी भीती मात्र खरी आहे आणि ती तुम्ही घालवू नये. भाषण कशाचे करायचे आणि कशाचे टाळायचे, हे तिच्याच आधाराने ठरवता येईल.

आधी जगातल्या आनंदी देशांच्या यादीचा हिशेब लावू, कारण मंडळाच्या मनात बहुधा तीच असणार. संयुक्त राष्ट्रसंघाने 2012 मध्ये 20 मार्च हा आनंद दिन ठरवला आणि जागतिक आनंद अहवालही त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झाला. 2018 ते 2025 या काळात त्या क्रमवारीत दरवर्षी फिनलंड पहिला आला. 2025 च्या अहवालात 147 देशांत भारत 118 वा होता. परंतु ही क्रमवारी ज्या प्रश्नावर उभी आहे तो असा: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेली एक शिडी डोळ्यांपुढे आणा, दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य, शून्य म्हणजे सर्वांत वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? या प्रश्नात पाळी नाही, मुकादम नाही, पगाराचा दिवस नाही. दवाखान्याचा खर्च, मुलांची शाळा, म्हातारपणाची सोय, शेजाऱ्यावरचा आणि सरकारवरचा विश्वास असे सगळेच त्या एका आकड्यात मिसळलेले असते. त्यामुळे ‘फिनलंडचे कामगार जगात सर्वांत आनंदी आहेत’ हे वाक्य त्या अहवालाच्या आधारे बोलता येत नाही, कितीही भाषणांत ते ऐकू आले तरी.

कामाविषयी वेगळी पाहणी गॅलप ही संस्था करते आणि तिचे आकडे ऐकले तर चित्र जवळजवळ उलटे होते. जगातील सुमारे एक पंचमांश कर्मचारीच कामात मनापासून गुंतलेले असतात, असे तिचे अलीकडचे अहवाल सांगतात. युरोपात हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगाच्या सर्व विभागांत सर्वांत कमी आहे. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसे कामातल्या मनाच्या बाबतीत तळाला आहेत. आपल्याकडे पाहा: गॅलपच्या 2024 च्या अहवालात भारतातील अवघे 14 टक्के कर्मचारी भरभराटीचे जीवन जगणाऱ्यांच्या गटात बसले, जगाची सरासरी 34 टक्के होती, कामात गुंतलेल्यांचे प्रमाण मात्र दक्षिण आशियात जागतिक सरासरीपेक्षा किंचित अधिकच होते. काम जीव लावून होते आणि तरीही जगणे ओढाताणीचे राहते, ही गोष्ट सोलापूरच्या श्रोत्यांना समजावून सांगावी लागणार नाही. ती आकड्यांतही दिसते, एवढे सांगितले तरी मागच्या रांगा तुमच्याकडे मान वर करून पाहतील.

आता मुख्य मुद्दा. हे भाषण कोणाला उद्देशून आहे, हे तुम्ही लिहायला बसण्यापूर्वी ठरवले पाहिजे, आणि माझे मत स्पष्ट आहे: ते मालकांना उद्देशून असावे आणि कामगारांच्या उपस्थितीत व्हावे. ‘आनंदी राहा, म्हणजे काम हलके वाटेल’ हा उपदेश कामगारांना करण्याचा मोह अशा कार्यक्रमांत फार होतो, कारण त्यात कोणीच दुखावत नाही आणि कोणालाच काही करावे लागत नाही. पण मागांच्या खोलीत वारा खेळतो की नाही, पाळी किती वाजता सुटते, मजुरी कोणत्या वारी हातात पडते आणि नापास ठरलेल्या मालाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, हे सगळे ठरवणारी माणसे पहिल्या रांगेत बसलेली असतील. विषयाला ‘आनंद’ असे गोड नाव दिले असले तरी आतली वस्तू हीच आहे. मालकांवर आरोप करा असे मी म्हणत नाही. तुम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच वसाहतीत कामावर जायचे आहे, याची मला जाणीव आहे. जगात कोठे काय केले गेले आणि त्यातून काय घडले, एवढेच सरळ सांगा. ऐकणाऱ्याला आपली जागा आपोआप कळते.

त्यासाठी दहा देशांची सहल नको. तीन गोष्टी पुरेशा आहेत आणि त्या हाताने काम करणाऱ्या माणसांच्या असाव्यात.

पहिली क्यूबाची. हवाना शहरातल्या सिगार कारखान्यांत 1865 मध्ये एक प्रथा सुरू झाली. शेकडो कामगार ओळीने बसून तंबाखूची पाने वळत असत. हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. त्यांनी आपल्यातून किंवा बाहेरून एक वाचक नेमला. तो उंच जागी बसून सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी मोठ्याने वाचत असे. काय वाचायचे ते कामगार ठरवत आणि वाचकाचा मेहनताना आपल्या मजुरीतून वर्गणी काढून तेच देत. क्यूबावर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारला हे इतके धोक्याचे वाटले की पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. प्रथा मात्र टिकली, आणि स्थलांतरित कामगारांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत गेली. तेथे टँपा शहरात 1931 मध्ये कारखानदारांनी वाचकांना काढून टाकले, तेव्हा कामगार काम सोडून बाहेर पडले. वाचकांच्या जागी नंतर रेडिओ आले. करमणूक रेडिओनेही होतच होती. पण काय ऐकायचे ते ठरवण्याचा हक्क गेला होता. हे सांगून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. सभागृहातल्या विडी कामगार भगिनींना आपली ओळ सापडायला थोडा वेळ द्या.

हीच गोष्ट आपल्या देशात आणायची असेल तर केरळातील कण्णूरला आणता येते. तेथील विडी कारखान्यांतही सोबत्यांपैकी एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या वाट्याच्या विड्या वळून भरून काढायच्या, अशी रीत होती. विडी व सिगार कामगारांसाठी 1966 चा कायदा आला, त्याची अंमलबजावणी सुरू होताच काही खासगी मालकांनी तेथले काम बंद केले, हजारो लोक रिकामे झाले आणि 1969 मध्ये त्यांतून दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. वाचनाची रीत तिच्या शेडमध्येही चालू राहिली.

सोलापुरात मात्र एक मोठा फरक आहे आणि तो तुम्ही बोलून दाखवलाच पाहिजे. आपल्याकडची बहुतेक स्त्री पान-तंबाखू घरी आणते, उंबऱ्याशी बसून विडी वळते आणि तयार माल कारखान्यात नेऊन देते. तिचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण आहे. मग तिच्या बाबतीत कामाच्या ठिकाणचा आनंद म्हणजे गळके छप्पर नसणे, दुपारी डोळ्यांना पुरेल एवढा उजेड असणे, पाणी दारात येणे. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये उभी राहिली, तिच्याकडे गृहनिर्माण म्हणून सगळेच पाहतात. कामाच्या जागेतली सुधारणा म्हणून तिच्याकडे पाहणारे भाषण अद्याप माझ्या ऐकण्यात नाही. ते तुमचे असू द्या. बाहेरून विषय आणून इथल्या मातीत रोवण्याची खटपट करण्यापेक्षा हे एक उदाहरण अधिक काम करील.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रियातील मारीनथाल या गावाची. व्हिएन्नाजवळच्या या वस्तीचे सगळे जगणे एका कापड गिरणीवर अवलंबून होते आणि 1929-30 च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तेथे पाहणी केली व 1933 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांची अपेक्षा काय असावी? हाती एवढा मोकळा वेळ आल्यावर माणसे वाचतील, सभा-संमेलनांना जातील, असे कोणालाही वाटेल. घडले ते वेगळे. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकांची देवघेव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने जाणारे पुरुष सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. संशोधकांनी त्यांच्या चालण्याचा वेगही मोजला. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण घरकामाला सुटी नव्हती. पगाराबरोबर दिवसाची घडी, सोबत्यांचा सहवास आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव या गोष्टीही काम देत असते, असे याहोदा यांनी पुढे अनेक वर्षे मांडले.

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या बंद पडलेल्या कापड गिरण्यांची नावे ज्या गावात अजूनही चौकांच्या आणि बसथांब्यांच्या बोलण्यात येतात, तेथे ही गोष्ट परकी वाटणार नाही. मागच्या रांगेत असे कितीतरी जण असतील की ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी भोंगा बंद झालेला पाहिला. पण येथे एक सावधगिरी बाळगा. मारीनथाल ऐकून एखादा मालक समाधानाने मान डोलावील आणि ‘म्हणजे आहे त्या कामाबद्दल आभार माना’ असा अर्थ काढील. तो अर्थ तुम्ही तेथेच अडवला पाहिजे. काम नसण्याचे दुःख मोठे आहे, यावरून असलेले काम चांगले आहे असे सिद्ध होत नाही. हे वाक्य लिहून न्या आणि जसेच्या तसे वाचा. आयत्या वेळी सुचलेले वाक्य अशा ठिकाणी कधी जास्त तिखट होते, कधी अगदीच मऊ.

तिसरी गोष्ट चार दिवसांच्या आठवड्याची, कारण तुम्ही ती काढली नाही तर कोणीतरी विचारीलच. आइसलंडमध्ये 2015 ते 2019 या काळात रेक्याविक शहर प्रशासन आणि केंद्र सरकार यांनी अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आठवड्याला 40 वरून 35-36 वर आणून पाहिले. पगार कापला नाही, आणि बहुतेक ठिकाणी कामाचे प्रमाण टिकले किंवा वाढले. ब्रिटनमध्ये 2022 साली 61 कंपन्यांनी सहा महिने असाच प्रयोग केला, त्यांपैकी 56 कंपन्यांनी तो संपल्यावरही चालू ठेवला. उत्तम आहे. मात्र हे सगळे लोक ठरलेल्या पगारावर होते. मीटरवर किंवा नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराचा एक दिवस कमी केला तर त्याची मजुरीही कमी होते, आणि माग जितके तास चालू तितके तास घर चालू असा त्याचा हिशेब आहे. तेव्हा हे उदाहरण सांगताना ‘पगार न कापता’ या तीन शब्दांवर जोर द्या, ते पुसट होऊ देऊ नका. त्यांच्याशिवाय तो प्रयोग म्हणजे नुसती बिनपगारी सुटी.

मालकांपैकी एखादा, बहुधा व्यासपीठावर बसलेलाच, म्हणेल की हे सारे ठीक, पण यातून उत्पादनाचे काय? हा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉम या कंपनीच्या कॉल सेंटरमधील सुमारे 1,800 विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला एकच प्रश्न विचारला: या आठवड्यात तुम्ही किती आनंदी होता? आनंदी आठवड्यांत विक्री सुमारे 13 टक्क्यांनी अधिक भरली. ती माणसे अधिक तास थांबली नव्हती. त्याच वेळात त्यांनी अधिक फोन केले आणि अधिक फोन विक्रीपर्यंत नेले. या अभ्यासात खिडकीबाहेरच्या हवामानाचाही उपयोग केला गेला, कारण मळभ आले की मनही उतरते, असे तेथे दिसले. आपल्याकडे मळभाचा प्रश्न नाही, उन्हाचा आहे. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारची पाळी करणाऱ्याच्या मनःस्थितीसाठी संशोधन लागत नाही. फक्त एक मर्यादा सांगायला विसरू नका: फोनवर विक्री करणाऱ्याला उत्साह आवाजात आणता येतो, मागाचा वेग मात्र यंत्र ठरवते. कापडाच्या कारखान्यात 13 टक्के वाढ होईल असे आश्वासन देऊ नका. गैरहजेरी कमी होणे, हाताला वळण लागलेला माणूस उचल फेडून दुसरीकडे न जाणे, असे लाभ मालकांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. त्यांच्याशी त्याच भाषेत बोला.

सुरुवात कोठून करायची, हे आता सोपे आहे. दिवस 1 मे आहे. महाराष्ट्र दिनाच्या औपचारिक शुभेच्छा दिल्या की लगेच नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे वळा. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना त्यांनी 1884 मध्ये बांधली आणि अनेक वर्षांच्या मागणीनंतर 1890 मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. कामाच्या ठिकाणचा आनंद हा विषय परदेशातून आलेला नाही, हे या एका उल्लेखाने साधते, आणि तुम्हाला ते वेगळे बजावून सांगावे लागत नाही.

भाषेचा विचार तुम्ही पत्रात केलेला दिसत नाही, म्हणून सुचवतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड किंवा दख्खनी बोलली जाते. मराठी सर्वांना समजते. पण पुस्तकी मराठीतली लांब वाक्ये मागच्या रांगेपर्यंत पोहोचेपर्यंत पातळ होतात. (हे लांब वाक्यांतच लिहितो आहे, कारण तुम्ही वाचणार आहात, ऐकणार नाही.) विडी कामगार भगिनींपैकी किंवा शिलाई विभागातल्या एखाद्या बोलक्या सहकारी स्त्रीला क्यूबाची गोष्ट आधी सांगून ठेवा आणि ती गोष्ट तिनेच तेलुगूतून सांगावी, अशी विनंती करा. पाच मिनिटे तुमच्या भाषणातून गेली तरी हरकत नाही. उगाच एखादे तेलुगू वाक्य पाठ करून टाळी मिळवण्यापेक्षा हे सभ्य आहे.

चाळीस मिनिटे मात्र घेऊ नका. पहिल्या पाळीवरून आलेला माणूस, 1 मेचा उकाडा आणि पुढे आभारप्रदर्शन, हे सगळे लक्षात घेता पंचवीस मिनिटे मागून घ्या. पडद्यावर आकड्यांचे तक्ते दाखवू नका. मागून ते दिसत नाहीत आणि पुढच्यांना त्यांची सवय झालेली असते. संपूर्ण भाषणात पाच-सहाच आकडे ठेवा. मी येथे अधिक दिले आहेत ते तुमच्या हाताशी असावेत म्हणून. घशासाठी कोमट पाणी जवळ ठेवा, पहिली चार वाक्ये पाठ करा आणि ती म्हणताना मधल्या रांगेतल्या एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहा. पाचव्या वाक्यापर्यंत श्वास जागेवर येतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहात जाऊन माइकवर एकदा बोलून पाहिलेत तर आणखी चांगले.

शेवटी प्रश्नोत्तरे होतील आणि मागून कोणीतरी विचारील, ‘मॅडम, ते सगळे खरे, पण मजुरी वाढणार का?’ लोक हसतील, टाळ्याही पडतील. या प्रश्नाला विनोदाने उडवू नका आणि स्वतः उत्तरही देऊ नका, कारण ते उत्तर तुमच्या अधिकारात नाही. ‘याचे उत्तर माझ्याकडे नाही, अध्यक्षांकडे आहे’ असे म्हणून माइक त्यांच्याकडे द्या. मात्र त्यासाठी मंडळाच्या अध्यक्षांना आठवडाभर आधी भेटा, असा प्रश्न येणार आहे हे त्यांना सांगा आणि त्या दिवशी जाहीर करता येईल अशी एखादी ठोस गोष्ट त्यांच्याकडून मिळते का ते पाहा; पाळीतल्या विश्रांतीची वेळ असो, थंड पाण्याची सोय असो की मजुरीचा वार पक्का करणे असो. कायद्याने जे द्यावेच लागते ते आनंदाचा उपक्रम म्हणून जाहीर होणार असेल, तर त्यांना एकांतात नम्रपणे अडवा. त्यांची पूर्वतयारी नसेल, तर तुम्ही पुढे केलेला माइक ते थेट आभार मानणाऱ्याच्या हातात देतील.